गुणाजीकाकांची साक्ष

"तुझ्या बापाशीक माझ्या साक्षीन जन्मठेप झाली. ह्या आधीच सांगान ठेवतंय. उद्या दुसऱ्या कोणी सांगल्यान तर तुका वाटात, काकान लपवल्यान."

बालगृहातून मला घरी नेताना गुणाजीकाका माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी नऊ वर्षांची होते. फाटकाबाहेरच्या बसस्टॉपवर आम्ही उभे होतो, माझी पत्र्याची पेटी त्यांच्या खांद्यावर होती आणि बस काही येत नव्हती. एवढं बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. कुठल्याही शहाण्या माणसाने गोळी आधी दिली असती आणि साक्षीचं नंतर कधीतरी, जमलं तर, सांगितलं असतं. पण शहाणपणाशी काकांचं कधी फारसं जमलं नाही. ते खरं बोलत. खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतात, पण ती वेळ बघून बोलतात. काकांना वेळ बघता येत नसे.

त्यांनी सांगितलं ते मला माहीतच होतं. गुणाजीकाका आणि माझे बाबा एकाच गावचे, कणकवलीकडचे. आई मी तान्ही असतानाच गेली होती. भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी आमची पत्र्याची खोली होती, आणि बाबा एका कारखान्यात फिटर होते. माझ्या दोन वेण्या तेच घालायचे, लाल रिबिनी बांधून, इतक्या घट्ट की माझे डोळे तिरळे व्हायचे. शेजारच्या माणसाने आपला पत्रा हातभर आमच्या बाजूला सरकवला, त्यावरून महिनाभर कटकट चालली होती. एका रविवारी काका आमच्याकडे चहाला आलेले असताना ती कटकट परत पेटली. बाबा आत आले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि बाहेर गेले. काका दारातच बसले होते, हातात कपबशी घेऊन. मी त्यांच्या मागे उभी होते. आम्ही दोघांनी सगळं बघितलं. त्या माणसाला दोन मुली होत्या. धाकटी माझ्याबरोबर सागरगोटे खेळायची. तिचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

हवालदार मला विचारायला खाली वाकला तेव्हा काका मध्ये आले. "तिका इचारू नको," ते म्हणाले. "काय झाला ता मी बघलंय. माझा पुरे." आणि त्यांचं पुरेसं झालं. कोर्टात त्यांनी काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. बाबांचा वकील विचारत होता की आधी त्या माणसाने काठी उगारली होती ना? एक "होय" म्हटलं असतं तर बाबांची शिक्षा बरीच कमी झाली असती, असं नंतर सगळे म्हणायचे. काका म्हणाले, "काठी होती. पण ती भिंतीक टेकान ठेवलेली होती." बाबा कठड्यातून ओरडले, "माझ्या घरचो चाय पिऊन माझोच गळो कापलंस गुणाजी!" गावच्या मंडळींनी काकांकडे येणं-जाणं टाकलं. आणि ह्या माणसाने काय करावं? काही महिन्यांनी बालगृहात जाऊन, अर्ज करून, खेटे घालून मला मागून घेतलं. कारण विचारलं तर एकच, "बापाक मी धाडलंय. मगे पोर कोणी बघूची?"

मुलुंड पूर्वेला एका दोन मजली चाळीत त्यांचं बिऱ्हाड होतं. काका गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि मग ते एका औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागले. मुलीचं लग्न होऊन ती गावाला गेलेली होती. घरात काका आणि काकी. काकी व्यवहारी बाई. मी तिच्या मावसबहिणीची नात आहे आणि आईबाप नसल्यामुळे शिकायला आले आहे, असं तिने चाळीत पहिल्याच दिवशी पसरवून टाकलं. काकांना कोणी विचारलं की ते म्हणत, "ता तिका विचारा." एवढं बोलतानाही त्यांच्या कपाळाला घाम यायचा.

त्यांचं ते नेहमीचं बोलणं होतं, "बघलेला सांगतंय, ऐकलेला नाय." चाळीत कोणी कोणाची चहाडी केली की काका विचारत, "तू बघलंस?" आणि समोरचा गोंधळला की विषय तिथेच मिटे. लग्नाच्या पंगतीत यजमानाने हौसेने "जेवण कसं झालं, गुणाजीभाऊ?" विचारावं आणि काकांनी सांगावं, "भात कच्चो होतो, बाकी बरा." कोणाच्या नव्या सोफ्याबद्दल, कोणाच्या होणाऱ्या सुनेबद्दल त्यांचं मत विचारायचं नाही, हे चाळीने अनुभवाने शिकून घेतलं होतं. तरी भांडण लागलं की निवाड्याला त्यांनाच बोलवत.

बालगृहाच्या बर्वेबाई मधूनमधून तपासणीला यायच्या. मी नीट नांदत नसेन तर त्या मला परत नेऊ शकत होत्या. बालगृहातला तो लांबलचक हॉल, एकाला एक लागून घातलेल्या सतरंज्या आणि फिनाईलचा वास परत माझ्या वाट्याला यायला काकांचं एक वाक्य पुरे होतं. म्हणून बर्वेबाई आल्या की मी पडद्यामागे श्वास रोखून उभी राहायची.

"मुलगी नीट वागते ना?"

"नाय," काका म्हणाले. "परवा ताट भिरकावल्यान."

मी डोळे मिटून घेतले. गेलं सगळं, असं वाटलं.

"का बरं?"

"आमटीत मीठ नाय होता. माका पण भिरकवूचा वाटला, पण आता माझा वय झाला."

आतून काकी म्हणाली, "ऐकतंय हां मी!" बर्वेबाई हसल्या आणि मी सुटले. पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ताट फेकलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला होता. कसा गेला ते मला कळलंही नाही. बाबांचा हात असाच वर गेला होता का, हे मला कोणाला तरी विचारायचं होतं, आणि ज्याने ते माझ्यापेक्षा जवळून बघितलं होतं तो माणूस समोर बसून शांतपणे बिनमिठाची आमटी संपवत होता.

चाळीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असायची. निम्मी चाळ कोकणातली, त्यामुळे पूजा आटोपली की गाऱ्हाणं व्हायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सगळ्यांदेखत, मोठ्याने केलेलं बोलणं. एकाने देवापुढे उभं राहून चाळीच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणून जोर द्यायचा. तो मान काकांचा होता. त्यांचा आवाज खणखणीत होता, आणि कोणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची पूजा. काका डोक्याला टॉवेल गुंडाळून हात जोडून उभे होते.

"बा देवा महाराजा! आज ह्या चाळीतली तुझी लेकरां तुझ्या म्होरां उभी आसत, तेंची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मोऱ्यांचो झिल मॅट्रिकाक बसलो हा, तेका पास कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तांबेवैनीचे गुडघे धरले हत, तिका जिनो चढूची ताकद दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि माझ्या घराक जा चेडू इला हा, तेच्या बापाशीच्या हातान भांडुपाक माणूस मेलो. तेची शिक्षा तो भोगता हा. तेचो बोल ह्या लेकराक लागूक देऊ नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळी चाळ सवयीने एका सुरात ओरडली. मीसुद्धा. तोंडातून शब्द निघून गेल्यावर एकेकाच्या लक्षात आलं की आपण कशाला होय म्हटलं. तांबेवहिनींच्या हातातला प्रसादाचा द्रोण तसाच राहिला. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती आणि काका डोळे मिटून पुढचं मागत होते, नळाला पाणी पूर्ण दाबाने येऊ दे म्हणून. त्या मागण्याला कोणी होय म्हटलं नाही.

घरी आल्यावर काकी रडतच त्यांच्यावर तुटून पडली. "देवाक ठाऊक नव्हता काय? तेका सांगूक कित्या व्हया होता?"

काकांचा चेहरा उतरलेला होता. "सगळ्यांचा मागलंय. हिचा कसा नको मागू? आणि मागूचा तर काय मागतंय ता सांगूक नको?" असं म्हणाले खरे, पण मग माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले. "चुकलंय," ते म्हणाले. "देवाक सांगताना माणसां ऐकतत, ह्या माझ्या ध्यानातच इला नाय."

हे अगदी खरं होतं. ती चूक तेच करू शकत होते. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी आणखी कहर केला. प्रत्येक घरी जाऊन, "काल मी बोललंय ती माझी चुकी, पोरीची काय चुकी नाय," असं सांगत फिरले. ज्या दोन-चार घरांतली माणसं पूजेला आली नव्हती, त्यांनाही त्यामुळे सगळं व्यवस्थित कळलं.

मग सुरू झालं. कोणी मला तोंडावर काही म्हटलं नाही. नळावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. मोऱ्यांच्या मुलीला माझ्याबरोबर शाळेत जायला मनाई झाली. भाजी चिरायला बसलेल्या तांबेवहिनी मी दारात दिसले की विळी पाय लावून मागे सरकवायच्या. ती गोष्ट त्या नकळत करत असतील, पण मला दिसायची. मी दिवसभर स्वतःच्या हातांकडे बघत राहायची. काका सगळं बघत होते आणि रोज थोडे वाकत चालले होते. माझ्या ताटात ते आपल्या वाटणीचा मासा सरकवायचे. मी तो परत त्यांच्या ताटात टाकायची. कोणाचाच मासा नीट खाऊन व्हायचा नाही.

वरच्या मजल्यावरचा पप्या माझ्याहून वर्षभराने मोठा. एके दिवशी नळावर तो मला म्हणाला, "ए, तुझा बाप फासावर लटकला का अजून? तुला पण लटकवणार काय?" माझ्या हातात पितळेची कळशी होती. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पप्या खाली बसलाय, त्याच्या कपाळातून रक्त येतंय आणि मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आहे.

त्याला चार टाके पडले. संध्याकाळी काकीने काही न बोलता आमची विळी उचलून माळ्यावर ठेवली. काकांनी ते पाहिलं.

"खाली घे ती," ते म्हणाले. "नायतर तिका सांग, कित्या वर ठेवलंस."

काकीने विळी खाली घेतली. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग मी विचारलंच.

"काका, मी पण बाबांसारखी होणार का?"

दुसऱ्या कुठल्याही माणसाने चटकन "छे गं, काहीतरीच काय!" म्हटलं असतं. काकांनी तसं म्हटलं नाही.

"माका ठाऊक नाय," ते म्हणाले. "पुढचा मी बघूक नाय. बघलेला सांगतंय. तुझ्या बापाशीन मारल्यान आणि मोरीत जाऊन हात धुतल्यान. तू मारलंस आणि फ्रॉक फाडून तेच्या कपाळाक धरलंस. पप्याची आवस धावत येईसर तू फडको सोडूक नाय. ता मी वरसून बघलंय."

मी फ्रॉक बघितला. घेर खरंच फाटलेला होता. आयुष्यात नंतर मला पुष्कळांनी पुष्कळ धीर दिला. सगळा एका बाजूला ठेवला तरी त्या संध्याकाळच्या त्या चार वाक्यांची बरोबरी होत नाही.

बर्वेबाई आल्या तेव्हा काकांनी स्वतःच सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यापासून टाक्यांपर्यंत. बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मग हिला इथे ठेवणं योग्य आहे का? दुसऱ्या गावच्या संस्थेत कोणाला काही माहीत नसेल."

"बाई," काका म्हणाले, "तिका न्या असा मी म्हणणार नाय. पण ठेवा असा म्हणूक माका तोंड नाय. माझ्यामुळे झाला. तिका विचारा."

मी पडद्यामागून बाहेर आले. इथेच राहणार, म्हटलं. बाईंनी कारण विचारलं. मला नीट सांगता येईना. शेवटी म्हणाले, "इथे मला सगळं खरं कळतं." काकी पदराने डोळे पुसत आत गेली. काका मात्र मान खाली घालून बसून राहिले. गाऱ्हाण्याची चूक त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही, आणि बाबांविरुद्ध साक्ष द्यावी लागल्याचं दुखणं तर त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. खरं बोलल्याचा पश्चात्ताप होत नाही असं म्हणतात. त्यांना होत होता. तरी पुन्हा तीच वेळ आली असती तर काठी भिंतीला टेकलेली होती असंच त्यांनी सांगितलं असतं.

चाळ हळूहळू विसरली. नवी भाडेकरू मंडळी आली, टीव्ही आले, पप्या आणि मी एकमेकांना "काय गं" आणि "काय रे" म्हणायला लागलो. मी दहावी झाले, कॉलेजात गेले, केस कापले. तांबेवहिनी मला भाजी निवडायला शेजारी बसवून घेऊ लागल्या. ह्या सगळ्याची मला इतकी धास्ती होती की त्याला धक्का लागेल असं मी काही करत नसे. मोठ्याने हसायचीसुद्धा नाही.

आणि बाबा पॅरोलवर सुटून आले.

दुपार होती. काकी बाजारात गेली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली अंगणात एक माणूस उभा राहून खोल्यांचे नंबर बघत होता. वाळलेला, पिकलेल्या केसांचा. त्याच्या हातात कागदाचा पुडा होता. मी त्याला मागून, नुसत्या मानेवरून ओळखलं. आत पळाले आणि काकांना म्हणाले, "बाबा आलेत. मी नाही म्हणून सांगा."

"पण तू आसस."

"काका, सांगा ना. प्लीज."

"भेटूचा नाय तुका?"

"नाही."

"कित्या?"

मी खरं सांगितलं. त्या घरात दुसरं काही सांगायची सवयच राहिली नव्हती. "चाळीत परत सगळं सुरू होईल. आत्ता कुठे थांबलंय."

बाबांनी माणूस मारला म्हणून नव्हे. मला त्यांची भीती वाटत होती म्हणूनही नव्हे. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण तांबेवहिनी विळी मागे सरकवतील, एवढ्यासाठी मी माझ्या बापाला नाही म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. घरात ते गंजीवर असत. उठले, खुंटीवरचा सदरा घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि दारात जाऊन उभे राहिले. मी दाराआड भिंतीला चिकटले.

"शैला आसा?" बाबांचा आवाज आला.

"आसा."

"बोलव तिका."

"नाय."

"कित्या? ती नको म्हणता?"

आता काका "व्हय" म्हणणार. ते दुसरं काही म्हणूच शकत नव्हते.

"ती सकाळपासून रडता हा," काका म्हणाले. "बाबाक भेटूचा म्हणता. मीच सोडूचंय नाय."

शेजारच्या दारांत माणसं जमल्याचं चपलांच्या आवाजावरून कळत होतं. मग बाबा म्हणाले, "गुणाजी, आधी माका आत घातलंस. आता पोर पण घेतलंस. तुझा कधी बरा होवचा नाय."

"व्हय," काका म्हणाले.

"ह्या तरी दी तिका." पुडा उंबऱ्यावर ठेवून बाबा जिना उतरले. तांबेवहिनी मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, असे कसे हो दगड झालात तुम्ही? बाप आहे तो शेवटी." काकांनी दार लोटलं आणि येऊन माझ्यासमोर बसले.

"जमला काय गो?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"खोटा. पयल्यांदाच बोललंय. सवय नाय."

खरं तर मुळीच जमलं नव्हतं. बाबा येणार हे सकाळी कोणालाच ठाऊक नव्हतं, मग मी सकाळपासून रडेन कशी? कोणीही पकडलं असतं. पण बाबांनी पकडलं नाही, कारण बोलणारा गुणाजी होता. ज्याच्या खऱ्या बोलण्याने त्यांचं आयुष्य गेलं, तो माणूस खोटं बोलेल ही शंकाच त्यांना आली नाही. मी पुडा सोडला. आत लाल रिबिनींची गुंडाळी होती. माझे केस कानापर्यंतच होते. मी तेव्हा जी रडायला लागले ती काकी बाजारातून आली तरी थांबले नाही.

त्या जानेवारीत काकांनी गाऱ्हाणं घालायला नकार दिला. सगळ्यांनी आग्रह केला. "माझ्या तोंडात खोटा गेला हा," एवढंच ते म्हणाले. "देवाम्होरां उभा रवूक माका जमाचा नाय. मोऱ्यांच्या झिलाक सांगा." काय खोटं, कोणाशी, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मोऱ्यांचा मुलगा पुढे झाला आणि काका मागच्या रांगेत उभे राहून बाकीच्यांबरोबर "व्हय महाराजा" म्हणू लागले. पुढे ते जाईपर्यंत तो मान त्यांनी परत घेतला नाही. मी त्यांच्याकडून एकदाच काहीतरी मागितलं, आणि त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते त्यात गेलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी बाबा आजारी असल्याचा निरोप आला. कैद्यांसाठी इस्पितळात वेगळा वॉर्ड होता. ह्या खेपेला मी काकांना काही सांगायला लावणार नव्हते. रस्ताभर मी मनात जुळवत होते, की बाबा, त्या दिवशी काकांनी अडवलं नव्हतं, मीच आले नाही. काका शेजारी छत्री घेऊन बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा पलंग रिकामा होता. बाबा पहाटेच गेले होते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर पहाऱ्याचा शिपाई बसला होता. वयस्क, भला माणूस वाटला. "तू शैला ना?" त्याने विचारलं. "फार बोलायचा तुझ्याबद्दल. कालसुद्धा म्हणाला, माझ्या पोरीचा जीव तुटतो माझ्यासाठी, पण तो गुणाजी तिला सोडत नाही. त्या एका गोष्टीवर जगला बघ तो. पण मी म्हणतो, कसली माणसं असतात! मरणाऱ्या माणसालाही पोरगी दाखवू नये?"

मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. काकांनी माझं मनगट धरलं आणि इतक्या जोरात दाबलं की मी त्यांच्याकडे बघितलं.

"मीच तो गुणाजी," ते शिपायाला म्हणाले.

शिपाई बाकावरची आपली टोपी उचलून पलीकडे खिडकीशी जाऊन उभा राहिला. काका रिकाम्या बाकावर बसले आणि त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली. मी बसले. मी काहीच बोलले नाही.